गुपित, पण सगळ्या गावाला ठाऊक

'पासवर्ड विसरलात?' असं आपुलकीने विचारणाऱ्या वेबसाइट वर्षानुवर्षं आईचं माहेरचं आडनाव विचारून माणसाची ओळख पटवत आल्या. लग्नाच्या बायोडेटात मामांचं आडनाव गावासकट छापणाऱ्या समाजाला हे गुपित म्हणे!

अमेरिकेत हा फार्स सप्टेंबर २००८मध्ये रंगला. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं खातं टेनेसीतल्या एका विद्यार्थ्याने उघडलं. त्याला फक्त जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची पहिली भेट कुठे झाली, हे सांगावं लागलं. उत्तर होतं 'वसिला हाय', म्हणजे त्यांच्याच गावची शाळा. ऐन निवडणुकीत ही माहिती कुणीही सांगितली असती. पठ्ठ्याने नवा पासवर्ड ठेवला, 'पॉपकॉर्न'. पुढे त्याला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली.

गूगलने २०१५मध्ये या प्रश्नांचा अभ्यास केला. आवडता पदार्थ विचारल्यावर डोळे मिटून 'पिझ्झा' ठोकून दिलं, तरी इंग्रजी बोलणाऱ्या पाचांतला जवळपास एक जण सापडतो. इकडे अमेरिकेतल्या ४० टक्के खऱ्या मालकांना मात्र ऐनवेळी स्वतःचंच उत्तर आठवेना. काही हुशारांनी चोराला चकवायला मुद्दाम खोटी उत्तरं भरली होती. तीही अनेकांची एकसारखीच निघाली.