श्री. एक-पंचमांश यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. एक-पंचमांश वैयक्तिक वापर,
मुक्काम करनिर्धारण आदेश, शेवटून दुसरा परिच्छेद.



आपली आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांची ओळख जुनी आहे. वकील असो, वास्तुविशारद असो, विमा एजंट असो की औषधांचा घाऊक व्यापारी. त्याने पेट्रोल, दुरुस्ती, विमा, ड्रायव्हरचा पगार, गाडीच्या कर्जावरचे व्याज आणि घसारा यांची बेरीज करून ती व्यवसायाच्या खर्चात टाकली, की आपण दारात उभे. ‘गाडीचा काही वापर घरगुती असणारच’ एवढे एकच वाक्य लिहायचे, आणि बेरजेचा पाचवा हिस्सा नामंजूर. गाडी किती धावली, कुठे धावली, कोणाला घेऊन धावली, ही चौकशी आपल्या स्वभावात नाही. कधी आपण एक-दशांश होऊन येता, कधी एक-षष्ठांश. पण सवयीचा चेहरा वीस टक्क्यांचाच. हल्ली तर अधिकाऱ्याने आपल्याला बोलवावे लागतेच असेही नाही. कित्येक सीए रिटर्न भरतानाच आपला वाटा बाजूला काढून ठेवतात, जेवायला बसण्याआधी ताटाभोवती चित्राहुती घालाव्यात तसा.

गंमत अशी, की कायद्याला आपण ठाऊकच नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात गाडी ‘प्लँट’ या शब्दाच्या व्याख्येत बसवली होती, जहाजे, पुस्तके आणि शस्त्रक्रियेची उपकरणे यांच्या मांडीला मांडी लावून. अशी वस्तू निव्वळ व्यवसायासाठी वापरात नसेल, तर वजावट वाजवी प्रमाणापुरती द्यावी आणि ते प्रमाण अधिकाऱ्याने वापर लक्षात घेऊन ठरवावे, असे कलम ३८ चे दुसरे पोटकलम सांगत होते. वापर लक्षात घेऊन! म्हणजे आधी मोजणी, मग प्रमाण. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, ८१९ कलमांची ५३६ झाली. आपण त्या ८१९ मध्ये नव्हता आणि या ५३६ मध्येही नाही. रेशनकार्डावर नाव नसलेला पाहुणा वर्षानुवर्षे पंक्तीला बसावा, तसे आपले चालले आहे.

आता आपण जेवता किती ते पाहू. समजा, एका सल्लागाराने दहा लाखांची गाडी घेतली आणि वर्षात १८० दिवस किंवा त्याहून अधिक वापरली. १५ टक्क्यांनी घसारा दीड लाख. पेट्रोल १ लाख २० हजार, व्याज ६० हजार, विमा ३० हजार, सर्व्हिसिंग २० हजार. एकूण ३ लाख ८० हजार. आपला हिस्सा ७६ हजार. ३० टक्क्यांच्या टप्प्यात, चार टक्के उपकर धरून, त्यावर कर २३,७१२ रुपये. गाडी खरोखर १०० पैकी ९५ किलोमीटर कामासाठी धावत असेल, तर यातला तीन-चतुर्थांश दंड आहे. न केलेल्या चैनीचा. उलट दुसऱ्या एका गृहस्थांची गाडी सोमवारी मुलांना शाळेत सोडते, बुधवारी मंडईत जाते आणि रविवारी गणपतीपुळ्याला ‘ग्राहकभेट’ घेऊन येते. त्यांच्या बाबतीत आपण वीस टक्के कापून ऐंशी टक्क्यांवर सरकारी मोहोर उठवता. त्यांनी आपल्याला रोज हार घालायला हवा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसे काहीसे; फक्त इथे चोराला वर प्रशस्तिपत्रही मिळते.

आपण पाचवा हिस्सा नेणार हे एकदा कळले, की हिशेब लिहिणाऱ्याचा हात आपोआप सैल होतो. १०० खर्च झाला असेल तर १२५ लिहावा. आपण त्यातले २५ न्यावेत. उरलेले बरोबर १००. चौथी-पाचवीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे. ज्याने १०० ला १०० च लिहिले, त्याच्या हाती ८० राहतात. म्हणजे आपण खोटेपणा पकडत नाही, त्याचा दर ठरवून देता. पंचवीस टक्के फुगवटा ही जणू आपली अधिकृत प्रवेश फी, आणि ती न भरणाऱ्याला आपण आत घेत नाही.

आणखी एक शंका. कंपनीच्या दारी आपले पाय का अडखळतात? सयाजी आयर्न अँड इंजिनिअरिंग कंपनीच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने सांगितले, की कंपनी ही कायद्याने घडवलेली व्यक्ती, तिला ‘वैयक्तिक वापर’ असूच शकत नाही. तर्क बिनतोड आहे. कंपनी मामेबहिणीच्या लग्नाला जात नाही, तिला दवाखान्यात न्यावे लागत नाही. संचालक जातो, हे खरे. आणि त्याने केलेला घरगुती वापर त्याच्या पगारातली सवलत म्हणून करपात्र होतो, हेही खरे. पण १९६२ च्या नियमावलीत त्या सवलतीची किंमत वर्षानुवर्षे काय होती? कंपनी सगळा खर्च करत असेल आणि गाडी थोडी कामाची, थोडी घरची अशी वापरात असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, वर्षाचे २१,६००. तीच गाडी, तोच माणूस, तेच लग्न. धंदा स्वतःच्या नावावर असेल तर उत्पन्नात ७६ हजारांची भर, कंपनीच्या नावावर असेल तर २१,६०० ची. शरीर असण्याचा कर इतका महाग असेल, असे धर्मशास्त्रातही वाचनात नाही.

आपल्या बाजूने बोलणारे म्हणतात, की आपण वाद वाचवता. एका गाडीच्या किलोमीटरसाठी अधिकाऱ्याने आणि करदात्याने किती डोकेफोड करायची? वाद वाचला असता तर मान्यच केले असते. पण आयकर न्यायाधिकरणापुढे आपल्यावरून किती अपिले गेली आहेत, ते आपल्यालाच ठाऊक. कुठे हिशेबातला नेमका दोष दाखवला नाही म्हणून आपल्याला पुरते घालवले, कुठे विसाचे दहा केले, कुठे आहे तसे ठेवले. अंदाजपंचे दाहोदरसे ठरलेल्या आकड्यावर अपीलही अंदाजानेच निकाली निघते. दुसरे म्हणतात, करदात्याने लॉगबुक ठेवावे, कोणी अडवले आहे? सल्ला शहाणपणाचा आहे. मात्र त्या वहीत काय लिहिले म्हणजे पुरे, याचा नमुना कोणी दिलेला नाही. ठेवली तर ‘स्वतःच लिहिलेली’, न ठेवली तर ‘पुरावाच नाही’.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. अनुमानित उत्पन्नाची योजना आहे ना! ठरलेल्या मर्यादेतल्या व्यावसायिकाने ढोबळ प्राप्तीच्या निम्मे उत्पन्न दाखवावे, गाडीचा हिशेबच नको. ज्याचे काम कोथरूडमधल्या घरात लॅपटॉपवर चालते, त्याला ही योजना धार्जिणी. पण रत्नागिरी, चिपळूण, दापोली अशा साइट्स पालथ्या घालणाऱ्या वास्तुविशारदालाही निम्म्याचाच नियम; त्याची गाडी त्या निम्म्यात आधीच जिरलेली. आणि विमा एजंट? जुन्या कायद्याने कमिशन आणि दलालीवर जगणाऱ्यांना छोट्या व्यापाऱ्यांच्या अनुमानित योजनेतून नाव घेऊन वगळले होते. ज्या जमातीचे अर्धे आयुष्य स्कूटरवर जाते, तिलाच नेमके आपल्या स्वाधीन केले.

मग करावे काय? किलोमीटरमागे दर ठरवावा. हे वेड अमेरिकेत जुने आहे. तिथल्या करखात्याने २०२५ साठी कामाच्या प्रवासाला मैलामागे ७० सेंट दर दिला होता, आणि घर ते कचेरी ही रोजची ये-जा त्यात चालत नाही, हेही स्पष्ट सांगितलेले आहे. पण इतक्या लांब जायला नको. आपल्या अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने जुलै २०१७ मध्ये सरकारी नोकरांच्या दौऱ्यांसाठी आदेश काढला: परिवहन खात्याचा दर ठरलेला नसेल तिथे स्वतःच्या मोटारीला किलोमीटरमागे २४ रुपये, स्कूटरला १२. त्याच मंत्रालयाचा महसूल विभाग व्यावसायिकाच्या किलोमीटरपुढे मात्र निरुत्तर होतो आणि आपल्याला हाक मारतो. जुन्या कायद्यात मालवाहू टेम्पोच्या मालकाचे उत्पन्नही दर गाडीमागे महिना ७,५०० रुपये असे धरता येत होते. गाडी कमावते किती, हे गाडी न पाहता सांगणाऱ्या खात्याला गाडी खाते किती, हे सांगता येऊ नये?

लोक किलोमीटरही फुगवतील, असे आपण म्हणाल. फुगवतील. पण मीटरचा आकडा सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर छापून येतो. वर्षात गाडी १४ हजार धावली असेल तर कामासाठी २० हजार धावल्याचे लिहिता येत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी खेड-शिवापूरचा टोलनाका कोणत्या दिवशी, किती वाजता ओलांडून गेली, ते बँकेच्या उताऱ्यात सापडते. स्कूटरला फास्टॅग नाही, हे कबूल. तिच्यापुरता मीटर आणि वही यांवरच विश्वास टाकावा लागेल. तरी आपल्यापेक्षा ती दोघे अधिक भरवशाची, कारण त्यांनी निदान रस्ता पाहिलेला असतो.

तेव्हा मागणी एवढीच. तारीख, ठिकाण, काम आणि मीटरचे दोन आकडे अशा चार रकान्यांच्या वहीचा नमुना सरकारने जाहीर करावा, मोटारीला आणि दुचाकीला किलोमीटरचा दर ठरवावा, आणि ही वही ठेवणाऱ्याच्या दारी आपण फिरकू नये. ज्याला वही ठेवायची नाही, त्याच्याकडे आपण खुशाल मुक्कामाला जावे. गणपतीपुळ्याचे गृहस्थ आपली वाट पाहत असतीलच.

कळावे. लोभ आहेच, त्यातून आपला पाचवा हिस्सा वजा धरावा.

आपला,
उरलेला चार-पंचमांश