कृषी खात्याचं कर्ज आणि बाबांच्या म्हशी

कॅरीहून सायलर सिटीकडे निघालेल्या गाडीत चिरंजीव स्टीअरिंगवर, सूनबाई मोबाइलमधल्या नकाशावर आणि साताऱ्याहून आलेले बाबा मागच्या सीटवर, शंका काढायला. नॉर्थ कॅरोलायनात हे कुटुंब अमेरिकी कृषी खात्याच्या हमीकर्जात बसणारं घर शोधत होतं. पैसे बँकेचे, हमी सरकारची आणि डाउन पेमेंट शून्य.

"मग सातबारा कुणाचा जोडायचा?" बाबांनी विचारलं.

सातबारा नको, नकाशा पुरे. खात्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकायचा. रंगवलेल्या भागात पडला तर घर बाद. पावणेदोन लाख वस्तीचं कॅरी अर्थातच रंगात. हायवे ६४ वर जॉर्डन लेक येईपर्यंत सूनबाई स्टेशनमास्तरच्या सुरात "अजून शहरच!" असं पुकारत होत्या. खेडं म्हणजे साधारण १०,००० वस्तीपर्यंतचं गाव; मात्र जुन्या सवलतीतली काही गावं ३५,००० पर्यंतही चालतात. पस्तीस हजारांना खेडं म्हणणाऱ्या सरकारबद्दल बाबांचं मत तिथेच बिघडलं.

त्यात उत्पन्नाची अट. घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत हवी. बाबांची पेन्शन? पाहुण्यांची धरत नाहीत. हे ऐकून ते जरा दुखावलेच.

सायलर सिटी कोंबड्यांच्या कारखान्यांचं गाव. टीव्हीवरची 'आंट बी', फ्रान्सेस बॅव्हियर, निवृत्तीनंतर इथेच येऊन राहिली होती. गावाबाहेरचं घर नकाशात कोरं निघालं. एजंटबाई म्हणाल्या, विहिरीचं पाणी तपासून घ्यावं लागेल. बाबा विहीर बघायला गेले, तर गवतातून टोपण घातलेला एक पाइप वर आलेला. "ही बोअर आहे," त्यांनी निकाल दिला.

मागे मोडकळीला आलेला लाकडी गोठा बघून मात्र त्यांची कळी खुलली. "दोन म्हशी आरामात राहतील. दूध घालू गावात."

चिरंजीवांनी नाइलाजाने भाषांतर केलं. एजंटबाई दचकल्या. रिकामा गोठा चालतो. गोठ्यातून धंदा चालत असेल तर घर बाद.

"कर्ज कृषी खात्याचं आणि दूध विकायचं नाही?"

"नाही."

"आणि घरच्यापुरतं?"

एजंटबाईंनी वही काढली, 'म्हशी, दोन' असं लिहिलं आणि बँकेला विचारून सांगते म्हणाल्या.