युरोपचं बुकिंग आणि दिल्लीच्या फेऱ्या

अगं, झाडांना पाणी नंतर घाल, आधी इकडे ये. युरोपचं बुकिंग झालं म्हणे तुमचं! मला कसं कळलं? तुझ्या सासूबाईंनी भाजीवाल्यापाशी सांगितलं, म्हणजे अख्ख्या गल्लीला कळलं.

टीसीएस, म्हणजे बुकिंग करतानाच वसूल होणारा कर, किती लावला? दोन टक्के? नशीबवान आहात. आमच्या धाकट्या दिरांची टूर कंपनी आहे ना, छोटीशीच, त्यांनी हे सगळं रामायण जवळून पाहिलंय. परदेशी सहलींवर ऑक्टोबर २०२० पासून पाच टक्के सुरू झाला, आणि २०२३ च्या बजेटात एकदम वीस! म्हणजे पाच लाखांच्या सहलीला लाख रुपये आधी सरकारजमा. रिटर्न भरताना वळते होतात गं, पण तोवर हातचे गेलेच ना?

मग सुरू झाल्या दिल्लीच्या फेऱ्या. ट्रॅव्हल एजंटांची, टूरवाल्यांची, हॉटेलवाल्यांची अशा वेगवेगळ्या असोसिएशन्स आहेत, आणि सगळ्यांवर छत्री म्हणून ‘फेथ’ नावाचं फेडरेशन. लॉबिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेट्या न् खोके येतात. दीर म्हणतात, बरंचसं काम निवेदनाचंच. बजेटच्या आधी अर्थ खात्याला निवेदन द्यायचं, मंत्र्यांना अधिवेशनाला बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि मागण्या कानावर घालायच्या. पर्यटनमंत्री गोड बोलतात, पण कर त्यांच्या हातात नाही. म्हणून पुन्हा अर्थ खात्याची पायरी. सांगायचं काय, तर ‘गिऱ्हाईक बाहेरच्या वेबसाइटवरून बुकिंग करील. आमचा धंदा जाईल आणि तुम्हालाही कर मिळणार नाही.’

वीस टक्के १ जुलैला लागू व्हायचा होता. २८ जूनला सरकारनं तो ऑक्टोबरवर ढकलला, तोही सात लाखांच्या वरच्या रकमेलाच. परदेशात क्रेडिट कार्डानं खर्च करणाऱ्यांचाही आरडाओरडा होता हं, सगळं श्रेय टूरवाल्यांना नको द्यायला. २०२५ मध्ये ती मर्यादा दहा लाख झाली आणि २०२६ च्या बजेटात सरसकट दोन टक्के.

पण खरी गंमत हॉटेलवाल्यांची. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला २८ टक्के होता. ‘शेजारच्या देशांत कर कमी, पाहुणे तिकडे पळतात’, दोन वर्षं हेच पालुपद. शेवटी २० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी कौन्सिलनं तो १८ वर आणला. बैठक कुठे होती सांग? गोव्यात! हॉटेलांच्या माहेरी! आता हा योगायोगच असेल, मी कुठे काय म्हणाले?

आणि पुढचं ऐक. हजाराच्या आतल्या खोलीला तोवर कर नव्हता. जुलै २०२२ पासून तिला १२ टक्के लागला! एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर एक रात्र काढणारा माणूस, परीक्षेला आलेली पोरं, पेशंटबरोबर आलेले नातेवाईक... यांची कुठली असोसिएशन? २०२५ च्या सप्टेंबरात तो पाच टक्के झाला, पण मधली तीन वर्षं भरलेच ना त्यांनी.

माझी पुण्याची भाची अमेरिकेत असते. तिकडे म्हणे १९९५ पासून कायदाच आहे. लॉबिंग करणाऱ्यानं नाव नोंदवायचं, कोणासाठी करतो आणि त्याचे किती मिळाले ते लिहून द्यायचं. कोणालाही वाचता येतं. आपल्याकडे असा कायदाच नाही, म्हणून मला दिरांवर अवलंबून राहावं लागतं, आणि ते तरी कुठे सगळं सांगतात!

बरं, कुकरची शिट्टी झाली वाटतं तुझ्याकडे. जा, पण एक लक्षात ठेव. टूरवाल्याला पॅन नंबर नीट दे, टीसीएसचं सर्टिफिकेट मागून घे आणि रिटर्नमध्ये ते पैसे दाखवायला विसरू नकोस.