लोकप्रियतेचा उतारा

भिगवणच्या मासळी बाजारात एक गिऱ्हाईक चिलापीचा भाव करता करता म्हणालं, "मागच्या बारीचं ईस रुपयं ऱ्हायलंत की तुमच्याकडं." मावशींनी सुरी थांबवली, चेहरा कोरा ठेवला आणि म्हणाल्या, "इसारलंय!" भोवतालचे सगळे खदखदून हसले, गिऱ्हाईकही हसलं, आणि वीस रुपये मावशींकडंच राहिले.

हा शब्द काही उजनीच्या पाण्यातला नव्हे. तो आला थेट सिंधुदुर्गातून, 'रात्रीस खेळ चाले'मधल्या पांडूच्या तोंडून. २०१६ साली ही मालिका सुरू झाली. नाईकांच्या वाड्यात भुतं, भानगडी, इस्टेटीची भांडणं सगळं होतं. पांडू या विसराळू गड्याच्या वाट्याला फक्त घरकाम आलं. ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक. लेखणी हातात असून माणसानं स्वतःला गडी करून घ्यावं, हा मनाचा मोठेपणा की धूर्तपणा? कारण नायकाची वाक्यं आता नायकालाही आठवत नसतील.

पूर्वी मालिकेची पत गुरुवारच्या टीआरपीवर ठरायची. आता नटाला आधी विचारतात म्हणे, "इन्स्टाला फॉलोअर किती?" पांडूला कुणी हे विचारलं असतं, तर उत्तर ठरलेलंच होतं.

बारामती-इंदापूरकरांना मात्र मापं शिकवायला जाऊ नये. इकडं माळेगाव, सोमेश्वर, तिकडं भवानीनगरचं छत्रपती. दोन्ही तालुक्यांचं आयुष्य कारखान्याच्या काट्यावर गेलंय. ऊस किती टन आला ते काटा सांगतो, त्यात साखर किती ते उतारा सांगतो. उसाची किमान किंमत, म्हणजे एफआरपी, ठरते ती उताऱ्यावर. सध्या पाया सव्वादहा टक्क्यांचा. फॉलोअर म्हणजे नुसतं टनेज. पाचट धरूनही ते वाढतं, आणि विकतचे घेतले तर ती सरळ काटामारी.

मोढव्याचा सूरज चव्हाण तर बारामती तालुक्यातलाच. टिकटॉकवर त्याला बघून कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी टिंगल केली. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि भल्याभल्यांचे आकडे एका रात्रीत गेले. सूरजचं 'गुलीगत' मात्र पोरांच्या तोंडी राहिलं. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी हाच सूरज 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा विजेता झाला. टनेज ॲपबरोबर वाहून गेलं होतं, उतारा गावाकडं शाबूत होता.

लाईक करायला अंगठा पुरतो. पण भर बाजारात, पैशाच्या व्यवहारात, कुणाचा तरी शब्द आपला म्हणून वापरायचा, तर तो माणूस आधी घरचा व्हावा लागतो. पांडू तसा झाला, तेही नायक न होता.

तेव्हा यापुढं कुणी लाखांचे आकडे तोंडावर फेकले, तर दबून जाऊ नका. शांतपणे एवढंच विचारा, "ते असू द्या पाव्हणं, उतारा किती पडतो?"