माडांची जातपडताळणी

रत्नागिरीत परसात झाड लावायला कुणाची परवानगी लागत नाही. लावलेल्या झाडाचं नाव मोठ्याने घ्यायचं असेल तर मात्र नाना आसपास नाहीत ना, एवढं पाहून घ्यावं. असे नाना हल्ली कोकणात गावोगाव झाले आहेत. मुलं पुण्याला नाहीतर ठाण्याला, पेन्शन वेळेवर, कलमं कराराने दिलेली आणि मागीलदारी काळ्या पिशव्यांतून शे-दोनशे रोपं. त्यांतलं एकही खायच्या उपयोगाचं नाही. आमच्या नाचण्याच्या नानांचं वेड पामचं. जिथे माड आणि पोफळीच्या सावलीत माणूस जन्मतो, त्या गावात हा गृहस्थ पदरचे पैसे घालून मादागास्करचे आणि क्वीन्सलँडचे माड आणतो. ‘नारळ नाही, सुपारी नाही, बंबात घालायला धड झावळ नाही,’ असा शेजारच्या काकींचा त्यावरचा अभिप्राय आहे.

नानांची नोकरी गेली टपाल खात्यात. पत्ता चुकीचा असेल तर पत्र पुढे सरकू द्यायचं नाही, हे हाडात मुरलेलं. तोच नियम त्यांनी निवृत्तीनंतर झाडांना लावला. लग्नाला गेले की अक्षता हातात धरून ते आधी हॉलच्या कुंड्यांकडे वळतात. ‘अरेका पाम म्हणे! अरेका म्हणजे आपली पोफळ. हा आला मादागास्करहून. लांबचा भाऊबंद म्हणा हवं तर.’ पुढच्या कुंडीत सागो पाम असतो. ‘हा तर पामच नव्हे. सायकस! पृथ्वीवर फूल उमलायच्या आधीपासूनचं घराणं आहे ते.’ ट्रॅव्हलर्स पाम केळीच्या भावकीतला, पोनीटेल शतावरीच्या कुळातलं. नाना प्रत्येकाचं सोयरसुतक तपासत पुढे जातात. तेवढ्यात मंगलाष्टकं संपतात आणि नानांच्या अक्षता सायकसच्या डोक्यावर पडतात.

त्यांचा खरा राग बॉटल पामवर. झाडावर नाही, नावावर. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा. दहा-बारा फुटांत आटपतो आणि डोक्यावर चार-सहा झावळ्यांपेक्षा जास्त संसार ठेवत नाही. आपल्याकडे ‘बॉटल’ म्हणून जो गळ्यात मारतात तो पुष्कळदा रॉयल पाम निघतो, क्यूबाचा राष्ट्रवृक्ष. लहानपणी त्याचंही बूड फुगतं, म्हणून गफलत खपून जाते. पुढे तो साठ-सत्तर फूट जातो. कुवारबावच्या एका डॉक्टरांनी असली ‘बॉटल’ गॅलरीखाली लावली. काही वर्षांनी ती महावितरणच्या तारांना भिडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘नाना, आधी का नाही बोललात?’

‘बोललो होतो. तुम्ही म्हणालात, नर्सरीवाल्याने पक्कं बिल दिलंय.’

नाना झाड ओळखतात तो सोहळा पाहण्यासारखा असतो. चष्मा कपाळावर चढतो, बनियनच्या खिशातून भिंग निघतं. आधी देठावरून अंगठा फिरतो: काटे आहेत का, असले तर कुठल्या बाजूला वळलेले. मग पानाची टोकं: फॉक्सटेलची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी असतात. मग बुंध्याचा काथ्या. नारळाची रोपं असली तर देठाचा रंग. नारिंगी बुटकी आई आणि उंच बाप अशा संकराचं रोप म्हणून दिलं आणि देठ नारिंगीच निघाला, तर संकर झालेलाच नाही. तपकिरी झाक आली तर जमलं. ही खूण त्यांच्या मते प्रत्येक कोकणी माणसाला मुंजीत शिकवायला हवी. नारळाच्या बाबतीत ते फक्त भाट्याच्या संशोधन केंद्राचं ऐकतात. ते केंद्र 1955 सालचं. ‘माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे,’ असं म्हणून ते मान तुकवतात.

अडचण एवढीच की बहुतेक पामची पिल्लं पहिली एक-दोन वर्षं एकाच तोंडवळ्याची दिसतात आणि विकली जातात ती नेमकी त्याच वयात. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून रोपं निघतात, घाट उतरेपर्यंत निम्म्या चिठ्ठ्या गळतात, उरलेल्यांवरची शाई मिरगाच्या पहिल्या पावसात धुऊन जाते. मग दुकानदार तोंडाला येईल ते नाव ठेवून बारसं उरकतो. खोटं उघडं पडायला पाच वर्षं लागतात. तोवर दुकानदाराने नर्सरी बंद करून तिथे चहाची टपरी टाकलेली असते.

ह्यावर नानांनी काढलेला तोडगा बिअरच्या डब्यांचा. डबा कात्रीने कापायचा, पट्टी सपाट करायची आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने त्यावर नाव कोरायचं. ना शाई, ना धुऊन जायची भीती. फक्त कच्चा माल मिळवायला नाना पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर जातात. कधी विडीला न शिवलेला माणूस सुरूच्या बनातून डब्यांची पिशवी खुळखुळवत येतो, तेव्हा फिरायला आलेली मंडळी नजर चुकवतात. ‘पोरं जवळ नसली की माणसाचं असं होतं,’ असं म्हणतात.

गेल्या जानेवारीत रत्नागिरीचा पारा सतरावर आला आणि नाना माकडटोपी घालून ओटीवर बसले होते. तेव्हा पुण्याहून आलेला एक तरुण कुंडी घेऊन हजर झाला. ‘नानाकाका, हा बर्फात टिकणारा पाम. ट्रॅकिकार्पस टाकिल. अडीच हजाराला मागवला. आईला इथे अंगणात लावायचाय.’

टाकिल म्हटल्यावर नाना टोपी काढून उभे राहिले. कुमाऊंच्या डोंगरांतला हा माड, डोक्यावर बर्फ घेऊन उभा राहणारा. इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारीने 1905 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. थंड देशांतले हौशी लोक त्याच्यामागे वेडे झाले, आणि टाकिलच्या नावाखाली त्याचा चिनी भाऊ फॉर्च्यूनाय वर्षानुवर्षं विकला गेला. साहेबाचीही इथे फसगत होते, ह्याचा नानांना अपार आनंद आहे. त्यांनी देठावरून अंगठा फिरवला आणि रक्त आलं.

‘लिव्हिस्टोना! चायनीज फॅन पाम. कुठल्याही नर्सरीत दीडशेला. ट्रॅकिकार्पसच्या देठाला असे बाकदार काटे नसतात रे, नुसती बारीक दातेरी कड असते.’

‘म्हणजे बर्फात टिकणार नाही?’

‘रत्नागिरीत बर्फ फक्त मिरकरवाड्याला, तेही बांगड्यांवर. खरा टाकिल मिळाला असता तर वैशाखाच्या घामाने मेला असता. तुला फसवलं म्हणून झाड जगणार आहे. जा, लाव!’

पोरगा खूश होऊन गेला. नाना मात्र दिवसभर बेचैन होते. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र योग्य माणसाला मिळावं, हे त्यांच्या सबंध नोकरीत बसत नव्हतं.

ओळखतात नाना, विकतात काकू. नानांच्या हाती गिऱ्हाईक लागलं तर तासभर व्याख्यान ऐकून रिकाम्या हाताने जातं. मागायला आलेला असतो बॉटल, आणि नाना ‘बॉटल नाही, स्पिंडल आहे, फुगवटा मध्यावर येईल, तोही आला तर’ असं शपथेवर सांगत बसतात. काकू मधे पडतात: ‘अहो, त्यांना झाड न्यायचंय, जातपडताळणीचा दाखला नाही.’

तरीही एक गंमत काकूंच्याच लक्षात आली. खात्रीच्या रोपांना लोक घासाघीस करतात. पण काही रोपं नानांनाही उलगडत नाहीत. त्यांच्या पट्टीवर नाना प्रामाणिकपणे नुसतं प्रश्नचिन्ह कोरतात. पामवेडे नेमके त्या पिशव्यांपाशी थबकतात, आवाज खाली आणतात आणि न विचारता दोनशे रुपये जास्त देतात. काय सांगावं, एखादी दुर्मिळ जात निघायची!

परवा नाना पाणी घालताना किंचाळले. त्यांच्या दहा-बारा खात्रीच्या फॉक्सटेलांच्या पट्ट्यांवर कुणीतरी नावापुढे ठसठशीत प्रश्नचिन्ह कोरलं होतं.

‘अगं, ह्यात शंका कसली? मी स्वतः बी रुजवलंय!’

‘असू दे,’ काकू आतून म्हणाल्या. ‘नेणाऱ्याला पाच वर्षं उद्योग लागेल.’