कळा तिच्या, वडापाव आपला

आमच्या वढू बुद्रुकात सुनेला सातवा लागला की खाण्याची सक्तीच होते. डोहाळजेवणात पाच तऱ्हेचे भात, शेजारणीकडची पुरणपोळी, वर 'दोन जिवांची आहेस, नीट जेव' असा सासूबाईंचा दम. आणि ज्या दिवशी तासन् तास अंगमेहनत करायची, त्याच दिवशी केसपेपरवर तीन अक्षरं पडतात : एनबीएम. तोंडाने काही द्यायचं नाही. एकादशीला निदान साबुदाण्याची खिचडी तरी असते!

दवाखान्याबाहेर मात्र सगळ्यांची पोटं भरलेली. नवरा दुसऱ्या वडापाववर, आत्याबाईंनी भाकरी-ठेच्याचं फडकं सोडलेलं, मामा तिसऱ्या चहाला निघालेले. आत कष्ट करणारी एकटी, उपाशीही तीच. तिला पुण्याला पाठवायची वेळ आली, तर हा उपास नगर रस्त्याला लागून वाघोलीच्या कोंडीत आणखी लांबतो.

हा नियम काही सटवाईने लिहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदी मांडल्या. त्यांतल्या ६६ जणींच्या फुप्फुसात भुलीखाली पोटातलं उलटून गेलं होतं, दोघी दगावल्या. तेव्हाची भूल पार बेशुद्ध करणारी, म्हणून खबरदारी रास्तच होती. पुढे सिझरला पाठीतलं इंजेक्शन आलं, आई शुद्धीवर राहून बाळाचं रडणं ऐकू लागली. नियम तेवढा अजून शुद्धीवर यायचाय. वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३च्या आढाव्याने ३,१३० बायकांवरचे अभ्यास तपासून सांगितलं, की कमी जोखमीच्या बाईला उपाशी ठेवायला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८मध्ये तेच सांगितलं : अशा बाईला खाऊ-पिऊ द्या. (जोखीम असेल, सिझर ठरलं असेल, तर डॉक्टरांचंच ऐकायचं, तिथे सदरलेखकाने शहाणपणा करू नये.)

सरकार तसं उदार आहे. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला फुकट जेवण : नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात. ताट येतं, पण कळा संपल्यावर.

तेव्हा एक सूचना. नियम सरसकटच ठेवायचा, तर सगळ्यांना सारखा लावा. एनबीएमची पाटी नवऱ्याच्या गळ्यात, आत्याबाईंच्या फडक्यावर आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या डब्यावरही अडकवा. कॉक्रेनला जे जमलं नाही, ते मामांचा चुकलेला चौथा चहा करून दाखवेल. संध्याकाळच्या आत परिपत्रक निघेल, 'पेज चालेल, सरबत चालेल.'