पंप कुणी चालू ठेवलाय?

रात्री साडेनऊला दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका उभे. अंगात बनियन, हातात बॅटरी.

"तुमच्याकडे पाणी येतंय का?"

"येतंय की."

"मग हा पंप कुणी चालू ठेवलाय? अर्धा तास झाला, नुसतं घूं घूं चाललंय. मी खाली जाऊन बघून आलो, पंप तर बंद आहे." त्यांनी मान किंचित आत घालून कानोसा घेतला. "आत्ता थांबला बघा."

तो थांबला होता, कारण मी दार उघडायला उठलो होतो.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी एक सेकंडहँड बेस गिटार विकत घेतली, त्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. माझे सर वय वर्षे तेवीस. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात, आणि या व्यवहारात फीची दिशा सोडली तर कोण कुणाचा शिष्य हे बाहेरच्याला कळू नये. सरांनी गृहपाठ दिला होता : सगळ्यात जाड तार, तिसरा फ्रेट, एकच सूर, मेट्रोनोमबरोबर अर्धा तास. "काका, दुसरा सूर मनात आला तरी वाजवायचा नाही."

काकांच्या कानाने दगा दिला नव्हता, हे मला पुढे कळलं. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर म्हणजे पाश्चात्त्यांचा जी. सेकंदाला ४९ कंपनं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. पंप, फ्रीज, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर हे सगळे त्याच ५० वर नाहीतर त्याच्या दुपटीवर घुमतात. म्हणजे उभी महावितरण दिवसरात्र किंचित चढा जी लावून बसलेली असते आणि मी त्या अर्ध्या तासात तिच्याशी जवळजवळ सुरात होतो. तेव्हापासून मी फ्रीजजवळ उभा राहून गिटार जुळवून बघतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो तेव्हा त्याचा फ्रीज मला परक्या घराण्याचा वाटला.

काकांना खरं काय ते सांगितलं. माफी मागितली, हेडफोन लावून वाजवीन म्हणालो. ते थोडा वेळ विचारात पडले. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. निर्णय घाईने द्यायची सवय नाही.

"नको," ते म्हणाले. "मोटार आहे असं वाटत होतं तोवर त्रास होत होता. माणूस आहे म्हणताय तर चालेल. फक्त दहाच्या आत."

माझं वाद्य नेमकं कोणतं, हे लोकांना समजावण्यात माझी बरीच शक्ती जाते. लांबी पावणेचार फूट, वजन चार किलोच्या आसपास, आणि तारा चार. लोक आधी तारा मोजतात. मग हळू आवाजात विचारतात, "दोन तुटल्यात का?" बँकेतल्या एका सहकाऱ्याने तर "मेन गिटार कधी देणार तुम्हाला?" असं विचारलं. त्याच्या डोक्यात क्लार्क, ऑफिसर, मॅनेजर अशी शिडी होती आणि मी अजून क्लार्कच्या पायरीवर अडकलो होतो. त्यात पुन्हा उच्चाराचा घोळ. कुणी बेस म्हणतं, कुणी स्पेलिंग बघून बास. गावाकडे बेस म्हणजे झकास आणि बास म्हणजे पुरे. मी पहिला उच्चार करतो, घरचे दुसरा.

आपल्याकडे खर्जाला मान नाही असं नाही. तानपुऱ्यालाही चारच तारा, आणि चौथी खर्जाची. पखवाजाची धूम नीट घुमावी म्हणून तिला ओली कणीक लावतात, म्हणजे खर्जासाठी आपण घासातला घास काढून ठेवतो. डग्गा नसेल तर तबला नुसता टिकटिकतो. पण हा सगळा मान तानपुऱ्याला, पखवाजाला, डग्ग्याला. केबल लावून खर्ज काढणाऱ्याला "हे काय, नुसतं धम् धम्?" असंच ऐकावं लागतं.

तसं हे काम मुळात कुणाला नकोच असतं. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये बीटल्सचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी बँड सोडून गेला. लेननला बेस नको, हॅरिसनला नको. शेवटी घोंगडं मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. त्याने ह्योफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली, सुमारे ३० पौंडांना. तो डावखुरा, आणि ती दोन्ही अंगांनी सारखी असल्यामुळे उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. पुढे १९७२ मध्ये ती चोरीला गेली आणि पन्नासहून जास्त वर्षांनी इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी माळ्यावर सापडली. २०२४ मध्ये ही बातमी आली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने हिला वाचून दाखवली. सगळी शांतपणे ऐकून ही म्हणाली, "बघ, माळ्यावर किती छान टिकतात."

आमच्या बँडमध्येही माझी निवड अशीच झाली. गिटारवाले दोन आधीच होते आणि दोघेही हलायला तयार नव्हते. ड्रमवर एक दंतवैद्य आहेत. दिवसभर त्या बारीक किरकिऱ्या ड्रिलचा आवाज ऐकून संध्याकाळी त्यांना काहीतरी जाड आणि मोठं बडवावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. गायिका शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. दर रविवारी तासाच्या भाड्याने एक खोली घेऊन आम्ही सराव करतो. त्यातली पहिली वीस मिनिटं तारा जोडण्यात आणि शेवटची दहा पैसे गोळा करण्यात जातात. मधल्या वेळात दोन्ही गिटारवाले आळीपाळीने आपापला आवाज वाढवतात. एकदा मी अँप चालू करायलाच विसरलो आणि तसाच दीड गाणं वाजवलं. लक्षात आल्यावर ओशाळून खाली वाकलो, बटण दाबलं. पहिला गिटारवाला त्या दिवशी निघताना म्हणाला, "आज तू सुरुवातीला काय बांधून वाजवलंस रे! नंतर जरा विस्कटलं."

सरावाला मी स्कूटरवरून जातो. पाठीवर पिशवी, पिशवीतून गिटारची मान माझ्या डोक्याच्या वर आलेली. गेल्या पावसाळ्यात एका झाडाच्या फांदीने मला मागून धरून ठेवलं होतं. तरी तक्रार नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडरची बेस गिटार बाजारात आली नसती, तर मला माणसाहून उंच डबल बेस घेऊन कोथरूडहून निघावं लागलं असतं. त्याला स्कूटर नाही, टेम्पो लागतो.

घरात या वाद्याचे पडसाद कुठे कुठे उमटतील हे सांगता येत नाही. बेसच्या तारा महाग. वाजवून वाजवून त्यांच्या वेढ्यांत घाम आणि मळ बसतो आणि आवाज बोथट होतो. त्यावर बेसवाल्यांचा जुना उपाय म्हणजे तारा काढून दहा मिनिटं उकळायच्या. मी गॅसवर पातेलं ठेवलं, तारांची वेटोळी आत सोडली आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत येतो तो ही झाकण हातात धरून उभी. "शेवया?" तिने विचारलं. ते पातेलं दुधाचं होतं. आता ते तारांचं आहे, दुधाला नवीन आलंय. नव्या तारांच्या संचाहून ते थोडं महाग पडलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन म्हणे तारा तुटेपर्यंत बदलतच नसे. शिवाय तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. इतकं वाजवूनही १९७१ पर्यंत तबकडीच्या वेष्टनावर त्याचं नाव नव्हतं. त्याच्या घरातली पातेली मात्र सुरक्षित राहिली असणार.

दुसरा घोटाळा बँकेत झाला. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले आणि हजेरीच्या यंत्राने माझी तर्जनी ओळखायचं नाकारलं. तीनदा दाबलं, तीनदा लाल दिवा. साहेबांनी कारण विचारलं. "छंद" असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून त्यांना बागकामाहून गंभीर काहीतरी वाटलं असावं. आता मी उजवा अंगठा देतो.

सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे गाणी ऐकायची सवय बिघडली. लग्नाच्या हॉलमध्ये पंचमचं एखादं गाणं लागतं, सगळे शब्दांवर मान डोलवत असतात आणि मी जिलबीचा तुकडा हातात धरून स्पीकरच्या तळाकडे बघत असतो. पंचमच्या वाद्यवृंदात बेस टोनी वाझ यांच्याकडे असे. लहानपणी ही गाणी हजार वेळा ऐकली, पण तेव्हा तबकडीवर नट, गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं असायची. आता गाणं लागलं की आशाबाई जरा बाजूला उभ्या राहतात आणि मागचा माणूस दिसायला लागतो. अंतरा सुरू व्हायच्या आधी तो एक पायरी खाली उतरतो, तिथे माझा घास थांबतो. हिला हे दाखवायला मी एकदा फोनवर गाणं लावलं. काही ऐकू येईना. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ते सूर बाहेरच पडत नाहीत. बरेचदा मेंदूच वरच्या सुरांवरून अंदाज बांधून त्यांची जागा भरतो. "म्हणजे तुझं काम मेंदू फुकट करतो," ही म्हणाली.

अशा परिस्थितीत श्रोता मिळेल ही आशा मी सोडली होती. तो खालच्या मजल्यावर आहे हे माझ्या ध्यानात यायला पावसाळा उजाडला.

लिफ्टमध्ये काका म्हणाले, "काल दोन नवीन सूर आले."

मी चपापलो. खरंच आले होते. सरांनी परवानगी दिली होती.

मग हे नेहमीचंच झालं. "मंगळवारी तुमचा तो तुकडा शेवटी घसरतो." "परवा वाजवला नाहीत? बरं नव्हतं का?" एकदा त्यांनी जिन्यात थांबवून, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून, एक चाल गुणगुणली. चाल म्हणजे गाण्याची चाल नव्हे. माझी, खालची. "हे पंचमचंच ना? शब्द आठवेनात, पण तेच आहे." तेच होतं. शब्द, चाल, व्हायोलिनं, काही नसताना नुसत्या तळावरून त्यांनी वरचं गाणं ओळखलं होतं. पाया बघून इमारत ओळखण्याचा हा प्रकार. आयुष्यभर धरणांचे नकाशे बघितलेल्या माणसाला त्याचं फार नवल वाटलं नाही.

यामागे थोडं विज्ञान आहे आणि थोडं वय. माझी खोली दहा बाय अकराची. माझ्या सगळ्यात खालच्या सुराच्या एका लाटेची लांबी सत्तावीस फूट. खोलीच्या मधोमध बसलं की मला स्वतःलाच तो सूर धड सापडत नाही, कोपऱ्यात कपाटापाशी मात्र वरचे स्टीलचे डबे थरथरतात. भिंती आणि स्लॅब बारीक आवाज अडवून धरतात, जाड्या सुरांना तेवढं अडवत नाहीत. त्यामुळे वर मी सोबतीला लावलेलं गाणं वरच राहतं आणि बेस तेवढी गाळून खाली उतरते. काकांचं असं, की वय झालं की कान आधी वरचे सूर सोडतात. त्यांनी मला एकदा कानाच्या तपासणीचा कागद दाखवला. डावीकडे रेघ सपाट, उजवीकडे घसरगुंडी. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही. फोनही नाही. काकू हाक मारून थकतात आणि शेवटी टेबलावर हाताने थाप मारतात. नातीचं बोलणं अर्धंच कळतं, पोरीचा आवाज नाजूक आहे. "पण तुमचं सगळं येतं," ते म्हणाले. हे सांगताना आवाजात उपकाराचा लवलेश नव्हता. पाणी कितपत चढलंय हे सांगावं तसं सांगितलं.

हे कळल्यापासून माझा सराव सुधारला. नऊ वाजता बसायचो तो नीट मांडी घालून बसू लागलो. चुकीचा सूर लागला तर थांबून पुन्हा नीट वाजवायचं, कारण तो चुकीचा तसाच खाली जाऊन पोचलेला असतो. दहाला पाच कमी असताना सरावातलं सगळं बाजूला ठेवून एक गाणं पूर्ण वाजवायचं. गावाला जाणार असलो की दुधवाल्याबरोबर काकांनाही सांगून जातो.

यंदा गणपतीत सोसायटीने आमच्या बँडला अर्धा तास दिला. पाचवा दिवस, पाककृती स्पर्धेचं बक्षीस वाटप आणि आरती यांच्या मधली जागा. भाड्याच्या साउंडवाल्याने एकेकाला विचारून केबल जोडल्या. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बेस ना? खालीच ठेवतो, उगाच घुमतं." पलीकडच्या मंडळात ढोलपथक नेमकं त्याच वेळी पेटलं होतं. पोरं खुर्च्यांखालून पळत होती. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांची नजर एकदाही माझ्यावरून हलली नाही. मी त्या अर्ध्या तासात इतकं सावध आणि इतकं नेटकं वाजवलं, की पुन्हा तसं जमेल की नाही कोण जाणे.

टाळ्या झाल्या. गायिकेभोवती शाळकरी मुली जमल्या, गिटारवाल्यांचे फोटो निघाले. दंतवैद्यांना कुणीतरी दाढ दाखवली. मी केबल गुंडाळत होतो तेवढ्यात काका काठी टेकत आले.

"चार गाणी झाली," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो, तुम्ही कधी सुरू करताय."

"काका, मी पहिल्यापासून वाजवत होतो."

"असं?" त्यांनी मान वळवून त्या दोन भल्यामोठ्या स्पीकरांकडे नापसंतीने पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, आरतीच्या घंटा सुरू झाल्या होत्या म्हणून जरा मोठ्याने म्हणाले, "ही सगळी उद्या घरी वाजवा. साडेनऊला. मी पंखा बंद करून बसतो."